बंबात बसावे कसे आणि श्वास ठेवावा कोठे?

आगीचा बंब भोंगा वाजवीत रस्त्याने निघाला म्हणजे आपण सारे क्षणभर थांबून त्याच्याकडे पाहतो. मुले गॅलरीत धाव घेतात, वडीलधारी माणसे "कोठे लागली हो?" असे शेजाऱ्यास विचारतात, आणि बंब कोपऱ्यावरून वळून दिसेनासा झाला की जो तो आपल्या कामास लागतो. बंबात पाणी किती असते, शिडी किती उंच जाते, नळी किती लांब असते, हे प्रश्न आपल्याला सुचतात. परंतु त्या गाडीत पाचसहा माणसे बसलेली असतात. ती कशी बसतात, आणि धुरात शिरताना ज्या हवेवर त्यांना जगावयाचे असते ती हवा गाडीत नेमकी कोठे ठेवलेली असते, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. आज आम्ही तोच प्रश्न वाचकांपुढे मांडणार आहोत. तो दिसावयास सुताराच्या वा लोहाराच्या कामाचा, म्हणजे एखादे फडताळ कोठे ठोकावे इतपत क्षुल्लक वाटतो. पण त्यावर जगभरच्या अग्निशामक दलांत मोठा वाद झाला आहे, आणि अजूनही तो पुरता मिटलेला नाही. कारण त्याच्या उत्तरावर माणसांचे जीव अवलंबून आहेत.

प्रथम ही हवा बरोबर का न्यावी लागते ते पाहू. आगीत माणसे जळून मरतात अशी आपली समजूत असते. वस्तुतः पुष्कळजण ज्वाळा अंगाला लागण्यापूर्वीच धुराने गुदमरून जातात. कोणताही पदार्थ अपुऱ्या हवेत जळू लागला की कार्बन मोनॉक्साइड हा वायू निर्माण होतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा हा वायू दोनशेहून अधिक पटींनी प्रिय आहे. तो एकदा चिकटला की प्राणवायूला जागाच उरत नाही. त्यात आता घराघरांतून फोमच्या गाद्या, प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि कृत्रिम धाग्यांचे पडदे आले आहेत. त्यांच्या धुरात हायड्रोजन सायनाइडसारखी विषे असतात. अशा धुरात उघड्या नाकाने शिरणारा माणूस दुसऱ्याला वाचविणे दूरच राहिले, स्वतःच त्या घरातील आणखी एक बळी होतो.

यावरचा उपाय म्हणजे श्वसनसंच. पाठीवर हवेचा सिलिंडर, तो धरून ठेवणारी चौकट, खांद्याचे व कमरेचे पट्टे, दाब कमी करणारी झडप आणि चेहरा पूर्ण झाकणारा मुखवटा, असे त्याचे भाग असतात. सिलिंडरात साधी स्वच्छ हवाच असते, पण ती वातावरणाच्या दाबाच्या सुमारे ३०० पट दाबून भरलेली असते. पावणेसात लिटरच्या सिलिंडरात अशी सुमारे २००० लिटर हवा मावते. स्वस्थ बसलेल्या माणसाला मिनिटाला सातआठ लिटर हवा पुरते. परंतु जड पोशाख घालून, पाण्याने भरलेली नळी ओढीत, जिना चढणारा माणूस मिनिटाला ४० ते ५० लिटर हवा ओढतो. परत येण्यापुरता साठा राखून ठेवला तर प्रत्यक्ष कामाला जेमतेम अर्धा तास मिळतो, हा हिशेब शाळेतील मुलालाही करता येईल. पोलादी सिलिंडराचा संच पंधरा किलोच्या पुढे जातो. १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या 'नासा' या अंतराळसंस्थेने अग्निबाणांच्या कामातील अनुभव या कामी लावला आणि धातूच्या पातळ नळ्यावर तंतूंचे वेष्टण दिलेले हलके सिलिंडर तयार करविले. तेव्हापासून हे ओझे बरेच उतरले. तरीही दहाबारा किलोंचे वजन पाठीवर असतेच.

आता बैठकीकडे वळू. जेम्स ब्रेडवुड हे नाव अग्निशामकांच्या इतिहासात आदराने घेतले जाते. १८२४ साली एडिंबरो शहराचे अग्निशामक दल त्याच्या हाती आले. १८३३ पासून तो लंडनच्या दलाचा प्रमुख होता. आणि १८६१ साली टूली स्ट्रीटच्या प्रचंड आगीत भिंत अंगावर कोसळून तो कामावर असतानाच मरण पावला. त्याच्या नावाने ओळखली जाणारी बंबाची एक बांधणी इंग्लंडात दीर्घकाळ चालली. मध्ये नळ्यांची लांबट पेटी, आणि तिच्या दोन्ही अंगांना पाठीला पाठ लावून, रस्त्याकडे तोंड करून बसलेले जवान. घोड्यांच्या गाडीला ही बैठक शोभत होती. घोडे गेले, मोटार आली, वेग दुप्पट तिप्पट झाला, पण बैठक तीच राहिली. वळणावर माणसे बाहेर फेकली जाऊ लागली, पावसात व थंडीत काकडून जाऊ लागली. १९३० नंतरच्या दशकात इंग्लंडात चारी बाजूंनी बंद असलेल्या गाड्या येऊ लागल्या, तेव्हा हा प्रकार हळूहळू मागे पडला.

अमेरिकेची तऱ्हा आणखी निराळी होती. तेथे जवान बंबाच्या मागील पायरीवर उभे राहून, दांडीला धरून जात. चित्रपटांतून आणि मुलांच्या पुस्तकांतून हे दृश्य इतके रुळले होते की त्यातच या पेशाचा रुबाब आहे असे खुद्द जवानांनाही वाटे. धक्का बसून हात सुटला की माणूस रस्त्यावर, आणि मागून येणाऱ्या गाडीपुढे! १९६० नंतरच्या दशकात अमेरिकी शहरांतून दंगली झाल्या व बंबांवर दगडविटा येऊ लागल्या, तेव्हा कित्येक ठिकाणी घाईघाईने उघड्या जागांवर छपरे घालण्यात आली. परंतु मागील पायरी सुटावयास १९८७ साल उजाडावे लागले. त्या वर्षी तेथील नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने आपल्या सुरक्षाविषयक मानकात असे घातले की, चालत्या गाडीत प्रत्येक माणूस आसनावर बसलेला आणि पट्ट्याने बांधलेला असला पाहिजे. १९९१ साली बंबाच्या बांधणीविषयीच्या मानकात सर्व आसने बंद केबिनमध्येच असावीत, असेही ठरले. जी गोष्ट आज कोणाही शहाण्या माणसाला उघड वाटेल, ती मान्य व्हावयास मोटारबंब आल्यानंतर पाऊणशे वर्षांहून अधिक काळ गेला.

बैठक अशी आत आली, आणि मग श्वसनसंचाचा प्रश्न उभा राहिला. पूर्वी हे संच लाकडी वा पत्र्याच्या पेट्यांत घालून बंबाच्या बाजूच्या कप्प्यात ठेवीत. आगीच्या जागी पोचल्यावर कप्पा उघडावयाचा, पेटी उतरवावयाची, संच काढावयाचा, पाठीवर चढवावयाचा, पट्टे आवळावयाचे. आमच्याकडे म्हण आहे, आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. येथे तर बंब रामेश्वरी येऊन ठेपला, पण श्वास मात्र सोमेश्वरी कुलपात, अशी गत होई. तेव्हा कोणाच्या तरी मनात आले की, आसनाची पाठच पोकळ करून त्यात संच बसविला तर? जवान बसला की त्याची पाठ आपोआप संचाला टेकेल. वाटेतच त्याने हात पट्ट्यांत घालावे, कमरपट्टा आवळावा, आणि गाडी थांबताच संचासकट उठून उतरावे. सरावलेल्या माणसाला संच चढविण्यास मिनिटभर लागते. ते मिनिट वाचले.

या मिनिटाची किंमत कमी समजू नये. अमेरिकेतील अंडररायटर्स लॅबोरेटरीज या संस्थेने सारख्याच आकाराच्या दोन खोल्या जाळून पाहिल्या. एकीत जुन्या पद्धतीचे लाकडाचे व कापसाचे सामान होते, दुसरीत आजच्या पद्धतीचे कृत्रिम पदार्थांचे. जुन्या सामानाची खोली संपूर्ण पेट घेण्यास जवळजवळ अर्धा तास लागला. नव्या सामानाची खोली चार मिनिटांच्या आत पेटून उठली. असे असता, हाताशी आलेले मिनिट कोण सोडील? म्हणूनच संच आसनाच्या पाठीत ठेवण्याची पद्धत युरोप-अमेरिकेत झपाट्याने पसरली, आणि आजही ती अनेक ठिकाणी आहे.

परंतु मिनिट वाचविताना आणखी काय खर्ची पडते, हे मागाहून ध्यानात आले. ते चार प्रकारचे आहे, आणि एकेक प्रकार पाहण्यासारखा आहे.

पहिला प्रकार साध्या पदार्थविज्ञानाचा. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी म्हणजे सेकंदाला सुमारे १४ मीटर वेग. दहा मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून टाकलेली वस्तू जमिनीवर आदळताना हाच वेग गाठते. गाडी कशावर तरी आदळून एका मीटरच्या अंतरात थांबली, तर आतील प्रत्येक वस्तू आपल्या वजनाच्या जवळजवळ दहापट जोराने पुढे ओढली जाते. बारा किलोंचा संच १२० किलोंच्या जोराने आपल्या पकडीला हिसका देतो. पकड साधी, रबरी पट्टीची असेल तर ती तुटणार. आणि मग तो संच तिसऱ्या मजल्यावरून पडलेल्या धोंड्यासारखा समोर बसलेल्या माणसाच्या डोक्यात बसणार. म्हणूनच अमेरिकी मानकात अशी अट आली की, माणसे बसतात त्या भागात संच ठेवावयाचा असेल तर त्याची पकड यांत्रिक खटक्याची असावी, आणि गुरुत्वाकर्षणाच्या नऊपट ओढ तिने सोसावी. जो न्याय संचाला तोच टोप, कुऱ्हाड, कंदील यांनाही लागू आहे. माणसांच्या केबिनमध्ये सुटी वस्तू म्हणून असू नये.

दुसरा प्रकार पट्ट्याचा. संचाच्या पट्ट्यांत हात घालावयाचे तर माणसाला पुढे वाकावे लागते, खांदे वळवावे लागतात, आणि सीटबेल्ट लावलेला असताना हे जमत नाही. मग तो बेल्ट काढतो, किंवा लावीतच नाही. गाडी भरवेगात आहे, चालक वाहनांच्या गर्दीतून वाट काढीत आहे, आणि नेमक्या त्याच वेळी मागील माणसे मोकळी, अर्धवट उभी! बाराचौदा किलोंचा संच ठेवावयाला आपण नऊपट ओढीची पकड केली, आणि ऐंशी किलोंचा माणूस मात्र तसाच सोडून दिला. शिवाय जाड पोशाखावरून बेल्टचे बक्कल सापडत नाही, बेल्ट आखूड पडतो. यावर उपाय म्हणून लांब आणि भडक तांबडे बेल्ट आले. किती माणसे बसवावयाची तो आकडा चालकाला दिसेल असा लिहावा, असाही नियम झाला. अमेरिकेत कामावर मरण पावणाऱ्या अग्निशामकांमध्ये हृदयविकारानंतर वाहनांचे अपघात हे नेहमीच एक मोठे कारण ठरत आले आहे. आगीपर्यंत पोचण्यापूर्वीच माणूस गमावला, तर वाचविलेले मिनिट कोणाच्या कामी येणार?

तिसरा प्रकार स्वभावाचा. ज्याची पाठ संचाने सज्ज आहे आणि ज्याच्या हातात मुखवटा आहे, तो गाडी थांबताच दाराकडे धावतो. पण आग कोठे आहे, जिना कोणत्या बाजूला आहे, आत गॅसची टाकी आहे काय, हे पाहून हुकूम देण्यास अधिकाऱ्यालाही एखादे मिनिट लागतेच. नळी अंथरून तिच्यात पाणी येण्यासही तेवढाच वेळ जातो. तेव्हा आसनात वाचविलेले मिनिट बहुधा जमिनीवर उभे राहून वाट पाहण्यातच खर्च होते. संच जमिनीवर, जोडीदाराच्या समोर चढविला तर याच वेळात ते काम होते, आणि जोडीदार पट्टे, झडप, दाबाचा काटा तपासूनही पाहतो.

या तपासणीचे मोल लंडनने १९५८ साली फार महाग दिले. त्या वर्षीच्या जानेवारीत स्मिथफील्डच्या मांसबाजाराखालील तळघरांना आग लागली. तळघरे म्हणजे बोळांचा चक्रव्यूह. धूर असा की हात डोळ्यांना दिसू नये. त्यात शिरलेल्या दोन अग्निशामकांचा प्राणवायू संपला आणि ते तेथेच मरण पावले. कोण आत आहे, केव्हा गेला, त्याच्याजवळ किती वेळेचा श्वास उरला आहे, याची बाहेर पुरेशी नोंद नव्हती. या आणि अशाच दुर्घटनांनंतर तेथे नियम कडक झाले. प्रत्येक संचाला नावाचे एक पदक असावे. आत जाणाऱ्याने ते दाराशी उभ्या असलेल्या माणसाच्या हवाली करावे. त्याने फळ्यावर वेळ आणि दाब लिहावा आणि बाहेर यावयाची वेळ काढून ठेवावी. हवा कमी झाली की संचातूनच शिटी वाजावी. पंढरीच्या वाळवंटात बडव्याकडे चपला ठेवून आत जावे इतकी ही साधी गोष्ट, पण तिने असंख्य माणसे परत आणली आहेत. ही नोंद घाईत उडी मारून पळणाऱ्याकडून होत नाही. तिला शांतपणे, एका जागी, डोळ्यांदेखत संच चढविणारा माणूस लागतो.

चौथा प्रकार अलीकडे कळून आला, आणि आमच्या मते तोच सर्वांत गंभीर आहे. संच आगीतून बाहेर येतो तेव्हा एकटा येत नाही. त्याच्या पट्ट्यांत, पोशाखाच्या घड्यांत, हातमोज्यांत काजळी बसलेली असते, आणि त्या काजळीत कर्करोगाला कारण होणारी अनेक रसायने असतात. तोच संच पुन्हा आसनाच्या पाठीत गेला, दारे बंद झाली, गाडी ठाण्याकडे निघाली, की अर्धा तास सर्वजण तीच वाफ नाकावाटे घेत बसतात. आगीत मुखवटा लावून जे टाळले ते परतीच्या वाटेवर मुखवट्यावाचून घेतले! आणि दुसऱ्या दिवशी त्या आसनावर जो बसतो, तो कदाचित आगीत गेलेलाही नसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ साली अग्निशामकाचा पेशाच माणसात निश्चितपणे कर्करोग उत्पन्न करणाऱ्या कारणांच्या पहिल्या वर्गात घातला. फुफ्फुसाच्या आवरणाचा आणि मूत्राशयाचा कर्करोग यांविषयीचा पुरावा तिने पुरेसा मानला. आमच्या घरांत पूर्वापार सोवळे-ओवळे पाळीत. त्यातील पुष्कळ भाग निरर्थक होता. परंतु बंबाला मात्र आता सोवळ्याची खरी गरज उत्पन्न झाली आहे. स्वीडनमध्ये शेलेफ्तेओ या गावच्या अग्निशामकांनी या बाबतीत वाट दाखविली. आगीवरून आलेले सारे सामान पिशवीत बंद करून माणसांपासून वेगळे न्यावे, ठाण्यावर ते धुवावे, आणि मळके व स्वच्छ यांची गाठ पडू देऊ नये, ही त्यांची पद्धत आता अनेक देशांनी उचलली आहे. जर्मन अग्निशामक यालाच काळ्या-पांढऱ्याची फारकत म्हणतात.

या चारही गोष्टी एकत्र ठेवल्या म्हणजे अनेक दले संच पुन्हा बाजूच्या कप्प्याकडे का नेत आहेत ते समजते. पण हा जुना कप्पा नव्हे. पेट्या नाहीत, कुलपे नाहीत. दार वर सरकविले की संच छातीच्या उंचीवर, पाठ लावून उभे राहता येईल असा टांगलेला. खटका दाबला की सुटणारा. मुखवटा धूळ बसू नये म्हणून पिशवीत. माणूस पाठमोरा उभा राहतो, हात घालतो, दोन पावले पुढे होतो, आणि संच अंगावर असतो. कप्पा वाहतुकीच्या अंगाला न ठेवता पदपथाच्या अंगाला ठेवला, म्हणजे संच चढविताना मागून येणाऱ्या ट्रकचे भय राहत नाही.

तरीही आसनातील संचाच्या बाजूने बोलणारे सारेच अविचारी आहेत, असे आम्ही म्हणणार नाही. पाऊस, चिखल, अंधार यांत रस्त्यावर उभे राहून संच चढविणे त्रासाचे असते. खिडकीत मूल हाका मारीत असता कप्प्याचे दार उघडण्याचा क्षणही युगासारखा वाटतो. जर्मनीत नऊ माणसांच्या तुकडीपैकी जी जोडी प्रथम आत शिरावयाची तिचे संच केबिनमध्ये आणि बाकीचे बाहेर, अशी मधली वाट पुष्कळ ठिकाणी चालत आली. अशी वाट घ्यावयाचीच तर तिच्या अटी मात्र सोडता येत नाहीत. संच दर वेळी धुतलेलाच आत यावा, परतीच्या प्रवासात तो बाहेरच राहावा, पकड खटक्याची असावी, आणि चाके थांबेपर्यंत बेल्ट सुटू नये. या अटी पाळण्याची तयारी नसेल, तर संच बाहेर ठेवणेच बरे. आमचा कौल बाहेरच्या बाजूने पडतो, तो एवढ्यासाठी की, आसनातील संचाची सुरक्षितता प्रत्येक माणसाच्या प्रत्येक वेळच्या शिस्तीवर अवलंबून राहते, आणि कप्प्यातील संचाची सुरक्षितता गाडी बांधली जातानाच ठरून जाते.

या विषयाशी आपला, नागरिकांचा, काय संबंध, असे कोणी म्हणेल. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत 'फोर्ट स्टिकीन' या बोटीला आग लागली. बोटीत कापूस होता आणि दारूगोळाही होता. आग विझविण्याची खटपट चालू असताना चार वाजून गेल्यावर स्फोट झाला आणि ६६ अग्निशामक कामावर असतानाच गेले. त्यांच्या स्मरणार्थ तो दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. त्या स्फोटातून त्यांना कोणतीही बैठक वा कोणताही मुखवटा वाचवू शकला नसता. परंतु म्हणूनच आम्हांस असे वाटते की, ज्या संकटांपुढे आपले काही चालत नाही ती या माणसांच्या वाट्याला यावयाचीच असतील, तर ज्यांच्यापुढे आपले चालते ती तरी आपण त्यांच्या वाटेतून दूर करावी. आसनाचा बेल्ट, संचाची पकड, धुण्याची सोय या गोष्टींना शौर्य लागत नाही. नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात चार ओळी लागतात.

नवा बंब गावात येतो तेव्हा त्याला हार घालतात, नारळ फोडतात, आणि पाण्याचा फवारा किती उंच जातो ते पाहून आपण टाळ्या वाजवितो. पुढच्या वेळी असा प्रसंग आला तर आपण जरा जवळ जावे, मागचे दार उघडून आत पाहावे आणि तीनच प्रश्न विचारावेत. येथे किती माणसे बसणार, त्या प्रत्येकाला बेल्ट आहे काय, आणि आगीतून आलेला संच परत येताना कोठे ठेवणार? उत्तर देणारा अधिकारी रागावणार नाही. हा प्रश्न बाहेरच्या कोणी तरी विचारावा, अशी त्याचीही पुष्कळ दिवसांची इच्छा असेल.